परिस्थितीने घडवलेली पात्रे : काही अल्पपरिचित मराठी चित्रपटांचा विचार

मराठी चित्रपटाच्या अलीकडच्या वाटचालीचा आढावा बहुधा 'श्वास' (२००४), 'नटरंग' (२०१०) आणि 'सैराट' (२०१६) अशा गाजलेल्या चित्रपटांच्या आधारे घेतला जातो. त्यामुळे ज्या चित्रपटांनी कथेची आणि पात्रांची नवी मांडणी केली, पण ज्यांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभला नाही, ते या आढाव्यातून निसटतात. चित्रप्रकार, म्हणजे गुन्हेपट, भयपट, कौटुंबिक चित्रपट अशी जी वर्गवारी प्रेक्षकाच्या मनात काही ठरावीक अपेक्षा निर्माण करते, तिचा वापर या चित्रपटांनी एका विशेष रीतीने केला आहे. त्यांत कथा पुढे नेण्याचे काम खलनायकाकडे किंवा योगायोगाकडे फारसे नसून पात्राच्या जगण्याच्या परिस्थितीकडे असते.

अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'आक्रीत' (१९८१) हे याचे जुने आणि ठळक उदाहरण होय. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७०च्या दशकाच्या आरंभी घडलेल्या हत्याकांडावर तो आधारलेला आहे. गुन्हेपटात खुनी कोण या प्रश्नाभोवती उत्कंठा रचली जाते; येथे मात्र गावातला एक वजनदार पुरुष आणि त्याच्यासोबत राहणारी स्त्री यांच्या लालसेला अंधश्रद्धेचे बळ मिळत जाते आणि त्यात निष्पाप जीवांचे बळी जातात, हा क्रमच कथेच्या केंद्रस्थानी आहे. अमोल आणि चित्रा पालेकर यांनी रंगवलेली ही पात्रे अमानुष कृत्यांच्या मुळाशी असूनही राक्षसी वाटत नाहीत, आणि प्रेक्षकाला अस्वस्थ करते ती त्यांची हीच ओळखीची माणूसपणाची खूण.

विदर्भातील शेतीच्या अरिष्टावर आलेल्या दोन चित्रपटांनी एकाच वास्तवाला वेगवेगळे बाज दिले. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटात शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका धास्तावते, नवऱ्यावर, म्हणजे किसनावर, पाळत ठेवायला मुलाला पाठवते आणि त्याला गोडधोड करून घालते. या खटाटोपातून निर्माण होणारा विनोद तिच्या भीतीला अधिकच धार आणतो. श्रीहरी साठे यांच्या 'एक हजाराची नोट' (२०१४) या चित्रपटात निवडणुकीच्या सभेत पुढाऱ्याने दिलेल्या नोटा घेऊन एक एकाकी वृद्धा बाजाराला जाते आणि संशयाच्या फेऱ्यात सापडते. तिच्यासारखीच्या हाती एवढी रक्कम असूच शकत नाही, हे गृहीतच तिच्यावरच्या संकटाचे खरे कारण ठरते.

या वृद्धेची भूमिका करणाऱ्या उषा नाईक विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी' (२०१७) या भयपटातही आहेत, आणि दोन्ही भूमिका शेजारी ठेवल्यास अभिनेत्रीचा आवाका लक्षात येतो. पहिल्या चित्रपटात निरागस भासणारे वार्धक्य दुसऱ्यात मायेच्या आवरणाखाली दडलेल्या क्रौर्याचे रूप घेते. उसाच्या शेतांनी वेढलेल्या एकाकी घरात अडकलेली गर्भवती नेहा भुतांना भिते, परंतु तिच्या भोवतीच्या भयाचे मूळ स्त्रीभ्रूणाविषयीच्या द्वेषात आहे. उत्तरार्धात मात्र हा सामाजिक आशय शब्दांत समजावून सांगण्याचा मोह टाळलेला नाही आणि त्यामुळे परिणाम काहीसा उणावतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' (२०१३) हा या सर्वांत अधिक समतोल चित्रपट म्हणता येईल. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले संस्कृतचे विद्वान चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीच्या मागे चालत हरवतात, आणि त्यांची कन्या त्यांना शोधत असताना माहुताची पत्नी चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना लेकरासारखे सांभाळते. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही आणि त्यांची भाषाही पुरती कळत नाही. तरी माणसाची ओळख स्मृतीखेरीज आणखी कशावर टिकते, या प्रश्नाचे उत्तर तिच्या वागण्यातून मिळते.

या परंपरेच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. पुढारी, पोलीस आणि सावकार ही पात्रे अनेकदा ठोकळेबाज राहतात, म्हणजे त्यांना स्वतःचा अंतर्विरोध नसतो आणि पीडितांना लाभलेली खोली सत्ताधाऱ्यांच्या वाट्याला येत नाही. त्याहून मोठी अडचण वितरणाची, म्हणजे चित्रपट चित्रपटगृहांपर्यंत पोहोचवण्याच्या व्यवस्थेची आहे. 'अस्तु' चित्रपटगृहांत २०१६ साली, म्हणजे तयार झाल्यावर काही वर्षांनी आला, यावरून तिची कल्पना येते. उत्तम कथा आणि समर्थ नट यांची मराठीत वाण नाही. त्या कथांना पुरेसे खेळ आणि पुरेसा काळ मिळणे, आणि समीक्षेने तिकीटबारीच्या आकड्यांपलीकडे जाऊन त्यांची दखल घेणे, यांवरच या कलेची पुढील वाढ अवलंबून आहे.