निरोप समारंभ आणि धरणं : भावी शिक्षकांच्या संघटनांविषयी

आयोजकांनी विषय दिला 'भावी शिक्षकांच्या विद्यार्थी संघटना'. मी त्यांना फोनवर म्हटलं, अहो, आपल्या विद्यापीठांत अशा संघटना आहेत कुठे? ते म्हणाले, मग तेच बोला. तर तेच बोलतो.

बी.एड. कॉलेजात विद्यार्थी मंडळ असतं. माझी बरीच वर्षं अध्यापक महाविद्यालयात गेली, त्यामुळे या मंडळाचा वार्षिक अहवाल मला न वाचताही म्हणून दाखवता येईल. शिक्षक दिन, सावित्रीबाईंची जयंती, मराठी भाषा गौरव दिन, वृक्षारोपण, सहल, स्नेहसंमेलन आणि शेवटी निरोप समारंभ. यात वाईट काहीच नाही. मुलंमुली सूत्रसंचालन शिकतात, फलकलेखन सुधारतं, आणि पुढे शाळेत हे सगळं करावंच लागतं. माझी तक्रार एवढीच आहे, की या मंडळात एकदाही कुणी 'आमचं असं असं म्हणणं आहे' असं म्हणालेलं मी ऐकलं नाही. मंडळ कार्यक्रम करतं. म्हणणं मांडत नाही.

याला थोडा इतिहास आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने आपल्याकडच्या थेट निवडणुका संपल्या आणि गुणवत्तेवर वर्ग प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. ज्याला जास्त मार्क तो प्रतिनिधी. आता ज्याला मार्क मिळालेत आणि अजून मिळवायचेत, तो प्राचार्यांसमोर तोंड उघडेल का? २०१६ च्या नव्या कायद्यात खुल्या निवडणुका परत आल्या, पण कागदावर. २०१९ मध्ये त्या होता होता पुढे ढकलल्या गेल्या.

दुसऱ्या प्रकारची संघटना भेटते ती पदवी हातात पडल्यावर. डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांची. पुण्यात शिक्षण आयुक्त कार्यालयासमोर ही मुलं बसलेली तुम्ही पाहिली असतील. त्यांच्याबद्दल बोलताना मी जपून बोलणार आहे, कारण त्यांनी जे सोसलं ते मी सोसलेलं नाही. २०१२ पासून भरती गोठली. २०१३ मध्ये टीईटी आली. मग 'पवित्र' पोर्टल आलं, डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, आणि तशी पुढची चाचणी उजाडली थेट २०२३ मध्ये. पाच वर्षं! या काळात कुणाचं वय उलटलं, कुणी गावी परत जाऊन दुकान टाकलं. टेलिग्रामवरच्या ग्रुपांतून, वर्गणी काढून, रात्रीच्या एसटीने येऊन या पोरांनी विषय जिवंत ठेवला. हे काम मोठं आहे.

पण टीका करायला उभा आहे, तर तीही करतो. या संघटनांचं निवेदन वाचा. जागा किती, बिंदुनामावली कधी, यादी कधी. नोकरी लागण्याच्या दिवसापर्यंतचं सगळं त्यात असतं. ती लागल्यावर वर्गात काय होणार, आणि त्या वर्गासाठी आपल्याला दोन वर्षांत नेमकं काय शिकवलं, याबद्दल ओळ नसते. आणि ज्याची निवड झाली तो ग्रुपमधून बाहेर पडतो. साहजिक आहे. पण त्यामुळे संघटनेला स्वतःची आठवणच राहत नाही.

म्हणजे बघा, एकीकडे निरोप समारंभ करणारं मंडळ आणि दुसरीकडे धरणं धरणारी संघटना. या दोन्हींच्या मधे जी जागा रिकामी आहे ती आंतरवासितेची, म्हणजे इंटर्नशिपची.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात वीस आठवडे शाळेत काढायचे, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. कल्पना उत्तम होती. पूर्वी सराव पाठ म्हणजे पाहुण्यासारखं जायचं, पाठ टाचण दाखवायचं, तक्ते गुंडाळून परत यायचं. आता शाळेत मुरता येईल, असं आम्हालाही वाटलं. झालं काय? माझी एक छात्राध्यापिका एका शाळेत गेली. तिथे गणिताची जागा रिकामी. पहिल्याच आठवड्यात सातवी-आठवीचं अख्खं गणित तिच्या गळ्यात. तिचा तास बघायला कुणी नाही, चुकलं तर सांगायला कुणी नाही. निरीक्षण वहीवर सह्या मात्र वेळेवर. ती मला म्हणाली, "सर, अपूर्णांकांचा भागाकार मी स्वतःच नीट समजून घेतला नव्हता. मुलं मान डोलवायची आणि मी पुढे जायचे." मी तिला सांगितलं, अहवालात लिही. ती हसली. अहवालाचे मार्क कॉलेजच्या हातात, आणि शाळा दुखावली तर पुढच्या वर्षी कॉलेजला शाळा मिळणार नाही. हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

खरं म्हणजे मी स्वतः शाळेत जाऊन बोलायला हवं होतं. मी गेलो नाही.

आता हेच वैद्यकीय शिक्षणात बघा. तिथल्या इंटर्नला विद्यावेतन मिळतं, ते वाढवून मागायला संघटना असते, निवासी डॉक्टरांची 'मार्ड' तर घराघरात माहीत आहे. आमचा विद्यार्थी फी भरून रिकाम्या जागा सांभाळतो. अमेरिकेत नॅशनल एज्युकेशन असोसिएशन या शिक्षक संघटनेत अजून शिकत असलेल्यांनाही सभासद होता येतं, आणि सराव अध्यापनाच्या काळातल्या कायदेशीर जबाबदारीचं विमासंरक्षण त्या सभासदत्वाबरोबर येतं. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, पण विद्यार्थी वर्गात उभा राहिला की तो आपला, एवढं त्या संघटनेने मानलेलं आहे. आपल्या शिक्षक संघटनांचं दार मस्टरवर नाव लागल्यावर उघडतं. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार आहेत. त्यांच्या मतदार यादीत हा छात्राध्यापक नाही, मग त्याच्याकडे बघणार कोण?

यावर माझे सहकारी म्हणतात, अहो, या मुलांना वेळ कुठे आहे? अर्ध्या मुलींची लग्नं झालेली, लहान मुलं घरी, कुणी खासगी क्लासमधे शिकवून फी काढतंय. काही ठिकाणी तर 'नॉन-अटेंडिंग' असं गोंडस नाव देऊन हजेरीच माफ, तिथे संघटना कुणाची करणार? हा आक्षेप खरा आहे. फक्त माझ्या मते तो विद्यार्थ्यांवरचा नाही, कॉलेजवरचा आहे.

आणि मला मोर्चा अपेक्षित नाहीये. पंधरा जणांनी शनिवारी दुपारी बसायचं. कुणाला कुठल्या शाळेत किती तास दिले, किती तास कुणी पाहिले, एवढे दोन आकडे एका वहीत लिहायचे. व्यक्तीचं नाव नको, शाळेचं नको. पुढच्या तुकडीला ती वही द्यायची. एका मुलीने लिहिलं तर ती तक्रारखोर ठरते. पंधरांचे आकडे एकत्र आले, की प्राचार्यांना ते शाळेसमोर ठेवता येतात, आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळासमोरही.

मी निवृत्त व्हायच्या आधी मंडळाच्या बैठकीत हे सुचवलं होतं. मुलांनी ऐकून घेतलं. मग सचिवाने विचारलं, सर, हे सांस्कृतिकमधे घालायचं की क्रीडामधे?