रागाला थारा नसलेले घर

घरात धाकटे बाळ आले की थोरले हट्टाला पेटते, हा अनुभव घरोघरचा आहे. त्या हट्टाला द्वाडपणा म्हणायचे की दुःख, हे मात्र प्रत्येक समाज आपापल्या रीतीने ठरवतो आणि मूल तेच शिकत जाते. मानववंशशास्त्रज्ञ जीन ब्रिग्ज यांचा 'नेव्हर इन अँगर' (१९७०) हा ग्रंथ वाचताना हे सत्य आम्हांस प्रकर्षाने जाणवले.

१९६३ साली ब्रिग्जबाई कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात गेल्या आणि एका इनुइट कुटुंबात मानलेली लेक म्हणून राहिल्या. त्या घरातली तीन वर्षांची मुलगी नव्या बाळाला पाहून किंचाळते, रडते. परंतु मोठ्यांचा आवाज चढत नाही. इनुइटांच्या मते 'इहुमा', म्हणजे समज, वयानुसार येते. जिला अजून समजच नाही, तिच्यावर रागावण्यात काय अर्थ? उलट, संतापणारा प्रौढच तेथे पोरकट ठरतो.

लेखिकेचा प्रांजळपणा हे या ग्रंथाचे खरे बळ होय. बाहेरून आलेल्या मासेमारांनी वस्तीतली होडी मोडली, तेव्हा त्या संतापून बोलल्या. परिणामी त्यांच्याशी कोणी भांडले नाही. पण सौजन्य न सोडता सर्वांनी त्यांना कित्येक आठवडे दूर ठेवले. भावनांच्या त्या शाळेत लेखिकाच अजाण मूल ठरली!

तथापि एक उणीव आम्हांस खटकते. लहानग्यांचा राग विरतो की आत दडतो, याचा पुरेसा उलगडा येथे होत नाही. तो शोध 'इनुइट मोरॅलिटी प्ले' (१९९८) या त्यांच्याच पुढील ग्रंथात आढळतो. तेथे दुसऱ्या एका इनुइट वस्तीतील वडीलधारी माणसे तीन वर्षांच्या मुलीला थट्टेने बोचरे, प्रसंगी भीतिदायक प्रश्न विचारतात आणि प्रेम, मत्सर, भय यांची ओळख तिची तिला करून घ्यायला लावतात. केवळ मृदुपणावर भाळणाऱ्या वाचकाने म्हणूनच दोन्ही ग्रंथ एकत्र वाचावेत.

इनुइटांची रीत जशीच्या तशी उचलावी, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ओरडणाऱ्या मुलावर आपण ओरडतो, तेव्हा राग आवरायला शिकवतो की राग करायला, हा प्रश्न या वाचनानंतर आमची पाठ सोडत नाही.