फोर्ट लॅरमी : मिरवणूक आणि करारपत्र

उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील लष्करी ठाण्यांवर जे विपुल लेखन झाले आहे, त्यात लेरॉय हेफन आणि फ्रान्सिस मेरियन यंग यांच्या १९३८ सालच्या ‘फोर्ट लॅरमी अँड द पेजंट ऑफ द वेस्ट, १८३४–१८९०’ या ग्रंथाला मानाचे स्थान आहे. तत्कालीन रोजनिशा, प्रवासवृत्ते आणि सरकारी अहवाल यांच्या आधाराने एका ठाण्याचा साद्यंत वृत्तांत सिद्ध करण्याचे श्रेय या लेखकद्वयाला निःसंशय दिले पाहिजे. प्रश्न आहे तो शीर्षकातील ‘पेजंट’ या शब्दाचा. पेजंट म्हणजे शोभायात्रा. कातड्यांचे व्यापारी, ऑरेगॉनकडे जाणारे शेतकरी, मॉर्मन पंथीय, कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावणारे लोक, टपालस्वार आणि शेवटी घोडदळ, असे एकामागून एक पुढे सरकत जातात. मिरवणुकीत जो चालतो तोच दिसतो; जो त्या भूमीवर आधीपासून उभा आहे, तो देखाव्याचा पडदा ठरतो.

ही दृष्टी मूळची या लेखकांची नव्हे. बॉस्टनचा फ्रान्सिस पार्कमन १८४६ साली बावीस वर्षांचा असताना येथे आला, ओग्लाला लोकांच्या तळावर काही आठवडे राहिला आणि १८४९ साली त्याचे प्रवासवर्णन ग्रंथरूपाने बाहेर आले. पार्कमनची नजर तीक्ष्ण आहे, परंतु ती प्रेक्षकाची आहे. समोरचे जीवन लवकरच नष्ट होणार हे त्याने गृहीत धरले आहे, आणि म्हणूनच त्याला ते रम्य वाटते. त्याच १८४९ साली अमेरिकन सैन्याने हे ठिकाण कातड्यांच्या कंपनीकडून ४,००० डॉलरांना विकत घेतले. स्थळ लढून जिंकले गेले नाही, त्याचे खरेदीखत झाले. ठाण्याच्या इतिहासाचे सूत्र येथेच हाती लागते.

‘फोर्ट’ या शब्दाला मराठीत ‘किल्ला’ हा प्रतिशब्द योजला की वाचकाच्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि महादरवाजा उभा राहतो. व्यापाऱ्यांच्या काळातील कच्च्या विटांच्या गढीला ते वर्णन काहीसे लागू पडले असते. सैन्याने मात्र आपल्या वसाहतीभोवती अखंड तटबंदी कधीच पुरी केली नाही. बराकी, कोठारे, दवाखाना, दुकान आणि मोकळे कवायतीचे मैदान असे त्याचे स्वरूप होते. ‘ठाणे’ हाच शब्द येथे अधिक यथार्थ होय. ज्या ठाण्याला तट नव्हता, त्याचे सामर्थ्य कोठे होते हे शोधणे इतिहासकाराचे पहिले काम ठरते. ते मुख्यतः कागदात होते.

सप्टेंबर १८५१ मध्ये सुमारे १०,००० आदिवासी करारासाठी जमले. ठाण्याजवळ एवढ्या घोड्यांना पुरेल इतके गवत नसल्याने सभा पूर्वेला हॉर्स क्रीकच्या काठी हलवावी लागली. सरकारला रस्ते व ठाणी बांधण्याचा अधिकार मिळाला आणि मोबदल्यात दरसाल ५०,००० डॉलरांचा माल पन्नास वर्षे देण्याचे ठरले. सिनेटने ती मुदत परस्पर दहा वर्षांवर आणली. याहून दूरगामी गोष्ट अशी की, सही घेण्यास कोणीतरी एक धनी हवा म्हणून सरकारी प्रतिनिधींनी कॉन्करिंग बेअर या ब्रुले नायकाला सर्व सू लोकांचा मुख्य नेमले. असे पद त्या समाजात अस्तित्वातच नव्हते.

या कल्पित पदाची किंमत १८५४ च्या ऑगस्टमध्ये चुकवावी लागली. एका मॉर्मन प्रवाशाची गाय मिनिकोंजू टोळीच्या एका पाहुण्याने मारली. कॉन्करिंग बेअर भरपाई देण्यास तयार होता. पाहुण्याला धरून देण्याची सत्ता मात्र त्याच्यापाशी नव्हती. करारान्वये अशा तक्रारीचा निकाल भरपाईने व्हावयाचा होता आणि तो सरकारी एजंटाच्या कक्षेतला विषय होता. एजंट अद्याप पोचला नव्हता, आणि वार्षिक मालाच्या वाटपाची वाट पाहत लोक तळ देऊन बसले होते. लेफ्टनंट ग्रॅटन २९ सैनिक, एक दुभाषी आणि दोन तोफा घेऊन तळावर गेला. ती तुकडी पूर्णपणे नष्ट झाली. कॉन्करिंग बेअरही जखमांनी दगावला. पुढील वर्षी जनरल हार्नीने ब्लू वॉटरच्या काठी ब्रुले तळावर हल्ला करून ८६ जणांना ठार केले. मिरवणुकीच्या दृष्टीने हा एक नाट्यमय प्रवेश आहे. कराराच्या दृष्टीने पाहिल्यास मात्र तो ज्यांनी करार लिहिला त्यांनीच तीन वर्षांत केलेला त्याचा भंग आहे. एकच घटना दोन रचनांत इतकी निराळी दिसते, हा केवळ शैलीचा भेद नव्हे. रेमी नॅडो यांनी १९६७ साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच ‘सू इंडियन्स’ यांना ठाण्याच्या बरोबरीने स्थान दिले, ही या संदर्भात लक्षणीय सुधारणा होय.

शीर्षकातील १८९० ही मर्यादाही तपासून पाहण्यासारखी आहे. त्या वर्षी सैन्य निघून गेले आणि इमारती लिलावात विकल्या गेल्या, हे खरे. परंतु याच ठाण्यावर १८६८ साली झालेल्या करारातील बाराव्या कलमाप्रमाणे प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांच्या सह्यांवाचून राखीव भूमी देता येणार नव्हती. १८७४ मध्ये ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडल्यावर जेमतेम दहा टक्के सह्यांच्या बळावर १८७७ च्या कायद्याने ती भूमी घेण्यात आली. सू लोकांनी १९२३ साली त्याविरुद्ध दावा दाखल केला. हेफन–यंग यांचा ग्रंथ छापला जात असताना आणि त्याच १९३८ साली ठाण्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळत असताना, तो दावा न्यायालयात प्रलंबित होता. स्मारक पडक्या भिंतींचे झाले. करारपत्र अजून वादात होते. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने व्याजासह दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाईचा निर्णय कायम केला. भूमी विकलेलीच नाही, या भूमिकेने सू लोकांनी ती रक्कम स्वीकारण्यास नकार दिला.