जर्नल पूर्ण, प्रोग्राम अर्धा

आता जर्नलचंच बघा. धाराशिव, कळंब, भूममध्ये संगणकशास्त्र शिकवताना आम्ही मुलांकडून प्रोग्राम वहीत उतरवून घेतो, आउटपुटसुद्धा पेनानं. मशीनवर चालला का, कुणी विचारत नाही. सही मात्र वेळेत होते. टर्बो सी आलं १९८७ला. त्यातली 'कोनिओ' हेडर फाइल सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणात नाहीच, तरी ती विसरली की गुण आम्हीच कापतो. मग परंड्याचं पोरगं पुण्याला मुलाखतीला जातं, लिनक्सवर तीच ओळ टाकतं, एरर येते आणि ते गप्प बसतं. एरर वाचायची असते, हे आम्ही शिकवलंच नव्हतं. लॅबमध्ये वीज जाते, खरंय. पण चुकलेला प्रोग्राम फळ्यावर लिहून चूक शोधायला वीज कशाला लागते? जर्नलातही आधी चुकलेलाच प्रोग्राम येऊ द्या, दुरुस्तीसकट. त्यावर सही करायला आमचा हात का अडखळतो?