'मार्गदाता' आणि उपासक : एका भेदाची परीक्षा

बोधीच्या शोधात गुरूचे स्थान कोणते, हा प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात केवळ तात्त्विक राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे महास्थविर चंद्रमणी ह्यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले आणि नंतर समुदायास स्वतः दीक्षा दिली. १६ ऑक्टोबर रोजी चंद्रपूर येथेही त्यांनी दीक्षा दिली. गडचिरोलीचा प्रदेश त्या वेळी ह्याच जिल्ह्यात होता. तो १९८२ साली वेगळा झाला. चंद्रपूरच्या दीक्षेनंतर अवघ्या ५१ दिवसांनी, ६ डिसेंबर रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नवदीक्षितांनी पुढील मार्गदर्शन कोणाकडून घ्यावे, हा प्रश्न त्यामुळे तत्काळ उभा राहिला.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात बुद्ध हे मार्गदाता होत, मोक्षदाता नव्हेत, असा भेद केला आहे. ह्यावरून गुरू अनावश्यक ठरतो, असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु तो टिकणारा नाही. त्याच ग्रंथाचा दुसरा खंड बुद्धांनी परिव्राजकांपासून अंगुलिमालापर्यंत अनेकांना कसे वळविले, ह्याच वृत्तान्ताने भरलेला आहे. नाकारले आहे ते गुरूचे तारकत्व. त्याचे कार्य नव्हे. स्वतः गौतमांनी आलार कालाम व उद्दक रामपुत्त ह्यांच्यापाशी अध्ययन केले आणि ते अपुरे वाटताच दोघांचाही निरोप घेतला. गुरू करणे व गुरूची परीक्षा करणे ह्या दोन्ही गोष्टी येथे एकत्र नांदतात.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य पाचव्या खंडात आहे. संघदीक्षेहून भिन्न अशी उपासकाची धम्मदीक्षा नसणे ही गंभीर उणीव होती, असे तेथे प्रतिपादिले आहे. चंद्रपूरचा समारंभ म्हणजे त्या उणिवेची कृतीने केलेली पूर्तता होय. तथापि दीक्षेनंतर काय, ह्याचे उत्तर तितके भरीव नाही. सिगालोवाद सुत्तास अनुसरून शिष्य व आचार्य ह्यांची परस्पर कर्तव्ये ग्रंथात येतात. परंतु तेथील आचार्य मुख्यतः विद्या शिकविणारा आहे. धम्मप्रसाराचे कर्तव्य भिक्षूकडे सोपविले आहे. मात्र जेथे भिक्षू पोहोचत नाही, तेथील उपासकाने काय करावे?

ह्या ठिकाणी अंगुत्तर निकायातील दीघजाणु सुत्त साहाय्यास येते. कोलिय कुळातील गृहस्थाला बुद्ध कल्याणमित्रता सांगतात, ती त्याच्याच गावात राहणाऱ्या, श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा ह्यांनी संपन्न अशा गृहस्थांची. ते वयाने तरुण असोत वा वृद्ध, त्यांच्या सहवासात त्यांचे गुण आत्मसात करावयाचे. येथे चीवराची अट नाही, ज्येष्ठत्वाची नाही, वंशपरंपरेची तर नाहीच. म्हणून 'मार्गदाता' ह्या पदाला 'कल्याणमित्र' ह्या पदाची जोड दिल्यावाचून बाबासाहेबांनी केलेल्या भेदाचा अर्थ पुरा होत नाही, असे आमचे मत आहे. मार्ग एकाने दाखविला. त्यावरून चालताना एकमेकांना सावरण्याचे काम मात्र गावोगावच्या उपासकांचेच आहे.