प्रदूषणाचे कोष्टक आणि दीपनगरची राख

प्रदूषणनिर्मूलन हीही एक उत्पादनक्रिया मानून लिऑन्टिएफ यांनी १९७० मध्ये तिला आपल्या आदान-प्रदान कोष्टकात स्थान दिले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्या कोष्टकातील स्थिर गुणकांना अंतर ठाऊक नाही. भुसावळजवळील दीपनगर वीजकेंद्राची राख पाहावी. विटांत राख वापरण्याची केंद्र सरकारची सक्ती १९९९ मध्ये ५० किलोमीटर परिघापुरती होती. २००३ मध्ये ती १०० व २०१६ मध्ये ३०० किलोमीटरपर्यंत वाढली. जळगाव शहर प्रथमपासून त्यात होते. धुळे शहर २०१६ मध्ये आले. त्या वर्षीच्या नियमाने १०० किलोमीटरपर्यंतचा वाहतूकखर्च वीजकेंद्रावर टाकला, त्यापुढील निम्मा वापरणाऱ्यावर. म्हणजे राख एकच. पण २०१६ च्या त्या नियमानुसार धुळ्याच्या वीट उत्पादकाला ती जळगावपेक्षा महाग पडत होती. असा भेद वगळून वर्तविलेला उद्योगांचा प्रतिसाद विश्वसनीय मानता येणार नाही.