'चाकाची खुर्ची' आणि विभक्तीचा प्रश्न

परोपकाराच्या वाङ्मयात व्याकरणाचा एक नियम सहसा मोडत नाही. कोणत्याही सेवासंस्थेचा अहवाल उघडावा. संस्था व दाते प्रथमेत, आणि अपंग मनुष्य सदैव चतुर्थीत. त्यास खुर्ची दिली, त्यास कुबडी दिली. तो स्वतः कशाचाही कर्ता होत नाही. श्रीमती नसीमा हुरजूक ह्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र आम्हांस मोलाचे वाटते ते ह्याचसाठी, की येथे खुर्चीत बसणारी व्यक्तीच कर्ता आहे. कमरेखालचे शरीर लुळे पडल्यावर त्यांनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरास 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारण्यात पुढाकार घेतला.

असे पुस्तक वाचून आपण बहुधा जिद्दीचे कौतुक करून थांबतो. जिद्द खरीच, परंतु तिचे स्तवन झाले की आपल्यावरील जबाबदारी हलकी होते, ह्याचा विसर पडू नये.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) ह्या डोंगराळ मुलखाशी हे पुस्तक ताडून पाहावे. तीनचाकी सायकल सपाट रस्त्यावर मोकळीक देते. तोरण्याच्या पायथ्याच्या चढावर, पावसाळ्यातील चिखलात, तिचा काय उपयोग? तेथील मनुष्यास कदाचित काखेतील कुबड्या अथवा घराच्या पायरीपाशी एक उतरण हवी असेल. पण शिबिरात जे आले असेल तेच पदरी पडावयाचे. दाखला रुग्णालयाकडे, संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान तहसील कचेरीकडे, साधने तिसऱ्याकडे. आणि ह्या साऱ्यांमधला दुवा कोण, तर काखेत कागदांची पिशवी घेतलेला तोच मनुष्य.

ह्यावर उपाय म्हणून संस्थांनी एकत्र यावे, असे म्हटले जाते. आम्हांसही ते मान्य आहे. मात्र एका अटीवर. चार दात्यांचे एकमत झाले आणि घेणाऱ्यास विचारलेच नाही, तर पूर्वी चार दारे होती तेथे एकच उरेल, आणि तेही आतून बंद. सहकार्य निवड वाढविण्यासाठी हवे, सोयीसाठी ती आटविण्यास नव्हे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ह्याच्या पाचव्या कलमान्वये कोणावरही विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती होऊ नये ह्यासाठी शासनाने प्रयत्न करावयाचे आहेत. चौदाव्या कलमातील मर्यादित पालकत्व म्हणजे पालकाने व त्या व्यक्तीने परस्परविश्वासाने मिळून घेतलेला निर्णय. कायद्याने विभक्ती बदलली आहे. आमच्या घरांची भाषा अद्याप बदललेली नाही. घरातील अशा भावंडाविषयी बोलताना 'त्यास काय द्यावे?' ह्याऐवजी 'तुला काय हवे?' असे आपण किती वेळा विचारतो? हे पुस्तक मिटताना हा प्रश्न मनात उरला, तरच ते वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजतो.